युद्धकाळातले अधिवेशन अभिरूप संसदेत बसवताना: पहिल्या दिवसाचा क्रम, तयारी आणि हमखास होणाऱ्या चुका

अभिरूप युवा संसदेसाठी (विद्यार्थी संसदेचे कामकाज मंचावर सादर करतात ती स्पर्धा) युद्धकाळातले अधिवेशन घेणाऱ्या संघांचा पहिला प्रवेश बहुतेक वेळा सारखाच असतो. वर्ष १९६२. बँडवर राष्ट्रगीत, राष्ट्रपतींचे आगमन, अभिभाषण, टाळ्यांचा कडकडाट. त्यांची पाठ वळते न वळते तोच संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण उठून सीमेवरची परिस्थिती सांगतात आणि विरोधी पक्षनेते त्यांना धारेवर धरतात. दिसायला झकास, पण यातले जवळजवळ काहीच त्या दिवशी घडलेले नाही. त्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी अभिभाषण नव्हते, यशवंतराव दिल्लीत मंत्री नव्हते आणि मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता असे पदच कोणाकडे नव्हते.

मूळ चूक एकच. संघ आधी संहिता लिहितो आणि तारीख नंतर चिकटवतो. काम उलट्या क्रमाने करा. तारीख पक्की झाली की समारंभ आहे की नाही, व्यासपीठावर कोण बसणार, कोण बोलणार आणि काय बोलता येणार नाही, हे सगळे आपोआप ठरते. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

टप्पा १: तारीख ठरवा आणि तिला अनुच्छेद ८७ ची चाळणी लावा

राष्ट्रपतींचे अभिभाषण प्रत्येक अधिवेशनाला नसते. राज्यघटना लागू झाली तेव्हा अनुच्छेद ८७ मध्ये तशी तरतूद होती, पण १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ती बदलली. तेव्हापासून अभिभाषण दोनच वेळी होते: लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनाच्या सुरुवातीला आणि दर वर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या सुरुवातीला. युद्ध सुरू आहे म्हणून जादा अभिभाषण होत नाही आणि युद्ध सुरू आहे म्हणून ठरलेले अभिभाषण रद्दही होत नाही.

आता नेहमी निवडल्या जाणाऱ्या तारखा या चाळणीतून काढू.

८ नोव्हेंबर १९६२: चीनने २० ऑक्टोबरला हल्ला केला, २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली आणि १९ नोव्हेंबरला भरायचे अधिवेशन अलीकडे ओढून ८ तारखेला घेतले. ऐन युद्धात सुरू झालेले अधिवेशन हवे असेल तर हीच तारीख योग्य. मात्र हे त्या वर्षाचे पहिले अधिवेशन नव्हते, म्हणून अभिभाषण नाही, मिरवणूक नाही, दोन्ही सभागृहे एकत्र जमतात तो सेंट्रल हॉलही नाही. दोन्ही सभागृहे आपापल्या दालनात भरली.

१८ फेब्रुवारी १९६३: तोफा नोव्हेंबरातच थांबल्या होत्या, पण आणीबाणी चालू होती. ती थेट १० जानेवारी १९६८ ला उठली. वर्षाचे पहिले अधिवेशन, म्हणून राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचे अभिभाषण झाले. समारंभ आणि युद्धाचे सावट दोन्ही हवे असेल तर ही तारीख घ्या.

सप्टेंबर १९६५ आणि डिसेंबर १९७१: दोन्ही वेळा युद्ध भडकले तेव्हा अधिवेशन आधीच चालू होते. १९७१ चे अधिवेशन १५ नोव्हेंबरला सुरू झाले आणि पाकिस्तानी विमानांचे हल्ले ३ डिसेंबरच्या संध्याकाळी झाले. या तारखांना सभागृहातले निवेदन दाखवता येईल, अधिवेशनाचा प्रारंभ नाही.

जानेवारी १९६३ ची तारीख फसवी आहे. त्या महिन्यात लोकसभेत कोलंबो प्रस्तावांवर (भारत-चीन तंटा मिटवण्यासाठी तटस्थ देशांनी मांडलेल्या सूचनांवर) चर्चा झाली. नवे वर्ष लागले म्हणून संघ तिथे अभिभाषण घुसवतात. ती बैठक नोव्हेंबरात सुरू झालेल्या अधिवेशनाचाच पुढचा भाग होती, नवे अधिवेशन नव्हते.

> तपासा: तुमच्या तारखेला (अ) नवे अधिवेशन सुरू झाले का, (आ) ते वर्षाचे किंवा निवडणुकीनंतरचे पहिले होते का? दोन्ही उत्तरे 'हो' असतील तरच राष्ट्रपती मंचावर येतील. नुसते (अ) 'हो' असेल तर टप्पा ४ नंतर टप्पा ५ घ्या, दोन्ही 'हो' असतील तर टप्पा ६.

टप्पा २: त्या दिवशी कोण कुठे होते, त्याची यादी करा

पात्रवाटप याच टप्प्यावर करा, आधी नको. आधी भूमिका वाटल्या की मग मुलांचे मन मोडवत नाही आणि चुकीचा माणूस सभागृहात बसून राहतो.

८ नोव्हेंबर १९६२ साठी:

- लोकसभेचे अध्यक्ष सरदार हुकुम सिंग. राज्यसभेचे सभापती उपराष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन.
- पंतप्रधान जवाहरलाल नेहरू. संरक्षण खाते त्या दिवशी त्यांच्याकडेच होते. कृष्ण मेनन यांचे संरक्षण खाते ऑक्टोबरअखेर गेले होते आणि ७ नोव्हेंबरला ते मंत्रिमंडळातूनही बाहेर पडले.
- यशवंतराव चव्हाण त्या दिवशी मुंबईत, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. संरक्षणमंत्री म्हणून त्यांचा शपथविधी २१ नोव्हेंबरचा. लोकसभेत ते नाशिकमधून बिनविरोध आले ते पुढे १९६३ मध्ये. मराठी संघांना त्यांचा प्रवेश हवाहवासा वाटतो, ते समजण्यासारखे आहे. मग १८ फेब्रुवारी १९६३ घ्या. तेव्हा ते संरक्षणमंत्री आहेत.
- अटलबिहारी वाजपेयी लोकसभेत नाहीत. १९६२ ची निवडणूक ते हरले होते आणि राज्यसभेत होते.
- राममनोहर लोहिया, आचार्य कृपलानी, मिनू मसानी तिघेही नाहीत. ते १९६३ च्या पोटनिवडणुकांतून आले.
- इंदिरा गांधी संसदेच्या सदस्यच नव्हत्या.
- महाराष्ट्रातून नाथ पै (राजापूर, प्रजासमाजवादी) आणि बापूजी अणे (नागपूर, अपक्ष) लोकसभेत होते. मराठी संघासाठी या दोन भूमिका सोन्यासारख्या आहेत आणि संघ त्याच विसरतात.
- गोव्यातून निवडून आलेला सदस्य दाखवू नका. तिथल्या पहिल्या निवडणुका डिसेंबर १९६३ मध्ये झाल्या.

सभागृहाच्या टेबलाशी बसणाऱ्या अधिकाऱ्याला १९६२ मध्ये सचिव म्हणायचे. 'महासचिव' हे पदनाम १९७३ पासूनचे. आणि 'विरोधी पक्षनेते' म्हणून कोणाचीही ओळख करून देऊ नका. लोकसभेत अशी अधिकृत मान्यता पहिल्यांदा मिळाली ती १९६९ मध्ये, काँग्रेस फुटल्यावर. १९६२ मध्ये प्रत्येक विरोधी गटाचा नेता आपल्या गटापुरता बोलत असे.

पक्षांचे प्रमाण. अर्धे विद्यार्थी इकडे, अर्धे तिकडे ही शाळेच्या वादविवाद स्पर्धेची सवय. १९६२ च्या निवडणुकीत ४९४ पैकी ३६१ जागा काँग्रेसला मिळाल्या होत्या. कम्युनिस्ट २९, स्वतंत्र पक्ष १८, जनसंघ १४, प्रजासमाजवादी १२. तुमच्याकडे ४० विद्यार्थी असतील तर साधारण अशी वाटणी करा: काँग्रेस २९, कम्युनिस्ट २, स्वतंत्र १, जनसंघ १, प्रजासमाजवादी १, द्रमुक १ आणि उरलेले ५ अपक्ष व लहान गट. विरोधी बाकांवर दहा-अकराच जण दिसतील. दिसू द्या, त्या लोकसभेचे चित्र तसेच होते. चांगले वक्ते मात्र त्या दहा जणांत ठेवा.

टप्पा ३: दालन मांडा

१९६२-६३ चे सगळे कामकाज जुन्या संसद भवनात झाले, ज्याला २०२३ पासून संविधान सदन म्हणतात. टीव्हीवर नवे सभागृह पाहून मांडणी केली की इथेच गाडी रुळावरून घसरते.

1. अध्यक्षांचे आसन समोर, सगळ्यांपेक्षा उंच. दोन बाके एकमेकांवर ठेवून वर सतरंजी टाकली तरी चालते, पण अध्यक्ष उभे-बसते होताना ते हलता कामा नये.
2. आसनाच्या वर पुठ्ठ्यावर ठळक देवनागरीत धर्मचक्रप्रवर्तनाय लिहून लावा. जुन्या लोकसभेत अध्यक्षांच्या आसनावर हेच शब्द होते. पाच मिनिटांचे काम आहे आणि जाणकाराला ते लगेच दिसते.
3. आसनाखाली लांब टेबल. तिथे सचिव आणि कामकाज टिपणारे प्रतिवेदक. प्रतिवेदकांच्या हातात वही-पेन्सिल द्या, लॅपटॉप नको.
4. सदस्यांची बाके घोड्याच्या नालेच्या आकारात. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक. प्रेक्षकांच्या बाजूने पाहताना हे नेमके उलटे दिसते. खडूने जमिनीवर खूण करा, नाहीतर तालमीत बरोबर आणि प्रयोगात उलटे होते.
5. लोकसभेचा गालिचा हिरवा, राज्यसभेचा लाल. गालिचा नसेल तर टेबलावरच्या कापडाचा रंग तेवढा सांभाळा.

काय नको: सेंगोल (नव्या लोकसभेत अध्यक्षांच्या आसनाजवळचा दंड) नको, ते २०२३ नंतरचे. ब्रिटिश पद्धतीचा राजदंड (मेस) नको, लोकसभेत तो नसतो (ब्रिटिश संसदेची दृश्ये पाहून तो येतो). कानाला हेडफोन नकोत, तत्काळ भाषांतराची सोय १९६४ मध्ये सुरू झाली. कॅमेरे नकोत.

> सावध: लोकसभेचे कामकाज राष्ट्रगीताने सुरू करू नका. अधिवेशनाच्या प्रारंभी 'जन गण मन' ही प्रथा राम नाईक यांच्या पाठपुराव्याने १९९२ मध्ये पडली. १९६२ मध्ये राष्ट्रगीत वाजायचे ते राष्ट्रपतींच्या अभिभाषणाच्या वेळी. स्पर्धेच्या आयोजकांना कार्यक्रमाआधी राष्ट्रगीत हवे असेल तर ते प्रयोगाच्या बाहेर घ्या आणि नंतर पडदा उघडा.

टप्पा ४: संहितेआधी बातमीची सीमारेषा आखा

युद्धाच्या प्रसंगात ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. सभागृहातल्या माणसाला त्या दिवशी जेवढे ठाऊक असेल तेवढेच तो बोलू शकतो. एक मोठा कागद घ्या, मध्ये रेघ मारा आणि डावीकडे 'त्यांना माहीत आहे', उजवीकडे 'अजून घडायचे आहे' असे लिहा.

८ नोव्हेंबरच्या डावीकडे येईल: २० ऑक्टोबरचा हल्ला, तवांग हातचे गेल्याची बातमी, २६ तारखेची आणीबाणी, त्याच दिवशीचा भारत संरक्षण अध्यादेश, मेनन यांचा राजीनामा, आणि आघाडीवर आलेला थोडा निवांतपणा.

उजवीकडे जाईल: रेझांग लाची लढाई (१८ नोव्हेंबर), बोमडिलाचा पाडाव (१९ नोव्हेंबर), चीनची एकतर्फी युद्धबंदी (२१ नोव्हेंबर). ८ तारखेच्या भाषणात 'रेझांग लाच्या वीरांना वंदन' आले की संहिता पडली. पार्श्वसंगीताचेही तसेच. लता मंगेशकरांनी दिल्लीत गायलेले 'ऐ मेरे वतन के लोगों' हे गीत २७ जानेवारी १९६३ चे, त्यामुळे नोव्हेंबरच्या प्रवेशाखाली ते लावता येत नाही.

नावेही त्या काळची हवीत. अरुणाचल प्रदेश नव्हे, नेफा. तमिळनाडू नव्हे, मद्रास.

कायद्याचीही रेघ आहे. अनुच्छेद ३५२ खालची उद्घोषणा तेव्हा दोन महिन्यांत दोन्ही सभागृहांनी मंजूर करायची होती आणि साधे बहुमत पुरत होते. एक महिना आणि दोन-तृतीयांश ही अट १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीची. पाठ्यपुस्तकात आजची तरतूद असते, तीच उचलून अध्यक्षांच्या तोंडी घातली जाते.

लोकसभेच्या जुन्या चर्चांचे खंड लोकसभेच्या डिजिटल ग्रंथालयात मोफत वाचता येतात. निदान पहिल्या दिवसाची सुरुवातीची वीस पाने एकाने वाचून काढावीत. त्यातून क्रम, दिवंगत सदस्यांची खरी नावे आणि त्या काळची बोलण्याची ढब एकदम हाती लागते.

टप्पा ५: ८ नोव्हेंबर १९६२ चा क्रम (अभिभाषण नसलेला प्रारंभ)

इथे झगमगाट नाही. या दिवसाचे गांभीर्य कामकाजाच्या क्रमातून येते, म्हणून क्रम जरा चुकला तरी सगळे सपाट होते. ४५ मिनिटांच्या प्रयोगासाठी वेळा दिल्या आहेत. स्पर्धेची मर्यादा वेगळी असेल तर भाषणांतून कापा, औपचारिक कामकाजातून नको.

५.१ आगमन (१ मिनिट). सदस्य आधीच जागेवर. मार्शल आगमनाची घोषणा करतो, सगळे उभे राहतात. अध्यक्ष येतात, सभागृहाला नमस्कार करतात, बसतात, मग सगळे बसतात. आसनावर बसण्याआधी अध्यक्षांनी एक शब्दही बोलायचा नाही.

५.२ शोकप्रस्ताव (३ ते ४ मिनिटे). दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात निधन पावलेल्या आजी-माजी सदस्यांचा उल्लेख आधी. अध्यक्ष बोलतात, सभागृह उभे राहून स्तब्धता पाळते. जवानांना आदरांजली वेगळ्या प्रवेशात घालू नका. ती पंतप्रधानांच्या ठरावातच आहे, दोनदा आली की ठराव फिका पडतो.

५.३ कागदपत्रे पटलावर (२ ते ३ मिनिटे). आणीबाणीची उद्घोषणा आणि दोन अधिवेशनांच्या मधे काढलेले अध्यादेश सभागृहापुढे ठेवावे लागतात. अध्यक्ष नाव पुकारतात, मंत्री उठतो, म्हणतो, 'अध्यक्ष महोदय, मी अमुक उद्घोषणेची प्रत सभागृहाच्या पटलावर ठेवतो', आणि बसतो. एवढेच. इथे मंत्री भाषण करायला लागला की कामकाज माहीत नसल्याचे उघड होते. कागद खरा असू द्या: दोन-तीन पानांची प्रत, सचिवाच्या टेबलावर नेऊन ठेवलेली. हवेत हात फिरवून 'पटलावर ठेवतो' म्हणणे हास्यास्पद दिसते.

५.४ पंतप्रधानांचे दोन ठराव (९ ते १० मिनिटे). नेहरूंनी त्या दिवशी दोन ठराव मांडले: एक आणीबाणीच्या उद्घोषणेला मंजुरीचा, दुसरा चिनी आक्रमणाबद्दलचा. दुसऱ्या ठरावाची चढण लक्षात ठेवून भाषण बांधा. आधी मैत्री आणि पंचशीलाचा (भारत-चीनने मान्य केलेल्या शांततामय सहजीवनाच्या पाच तत्त्वांचा) विश्वासघात झाल्याचा खेद, मग सैन्याच्या झुंजीचे कौतुक आणि हुतात्म्यांना आदरांजली, मग जनतेच्या उत्स्फूर्त प्रतिसादाची नोंद, आणि शेवटी लढा कितीही लांबला, कितीही खडतर झाला तरी आक्रमकाला भारताच्या पवित्र भूमीवरून हुसकावून लावण्याचा निर्धार. नेहरूंचा आवाज शेवटच्या भागाआधी चढवू नका. पहिल्या वाक्यापासून गर्जना सुरू केली की शेवटाला काही उरत नाही.

५.५ चर्चा (१८ ते २० मिनिटे). त्या चर्चेत लोकसभेत १६५ सदस्य बोलले. तुम्हाला सात-आठ घेता येतील. काँग्रेसचे तीन, विरोधी गटांचे चार-पाच. विरोधकांची भाषणे एकसुरी होऊ देऊ नका. ठरावाला सगळ्यांचा पाठिंबा होता, पण सैन्याची तयारी का नव्हती, धोक्याच्या खुणा वेळेवर का ओळखल्या नाहीत, असे प्रश्न सरकारला ऐकावे लागले. 'पाठिंबा देतो, पण हिशेब मागतो' हा सूर पकडता आला तर प्रयोग उभा राहिला म्हणून समजा. अध्यक्षांनी प्रत्येकाला वेळेची आठवण करून द्यावी. घंटी हाताशी ठेवा.

सगळी भाषणे अध्यक्षांना उद्देशून. 'माननीय पंतप्रधान, तुम्ही सांगा' असे थेट बोलायचे नाही. 'अध्यक्ष महोदय, पंतप्रधानांनी सभागृहाला सांगावे' असे म्हणायचे. 'बंधू-भगिनींनो' तर नकोच. पाठिंबा दाखवायला बाके वाजवा, घोषणा देऊ नका. सभागृहात घोषणाबाजी नियमात बसत नाही, मग ती कितीही देशभक्तीची असो.

५.६ मतदान कधी? ठराव ८ तारखेला मांडला गेला आणि १४ नोव्हेंबरला सदस्यांनी उभे राहून एकमताने संमत केला. एकाच दिवशी मांडून संमत करू नका. संमत होताना दाखवायचे असेल तर मध्ये अंधार करा, निवेदकाकडून नवी तारीख सांगा, मग अध्यक्ष ठराव सभागृहापुढे टाकतील. इथे मतविभागणी नको आणि 'नाही'चा एकही आवाज नको. 'होय'चा आवाज घेण्याऐवजी सगळे सदस्य उठून उभे राहतील आणि अध्यक्ष ठराव एकमताने संमत झाल्याचे जाहीर करतील.

> तपासा: प्रेक्षक दीर्घा रिकामी ठेवली नाही ना? गुप्त बैठक घ्यावी अशी मागणी तेव्हा झाली होती, पण नेहरूंनी ती मानली नाही. चर्चा उघडपणे, देशासमोर झाली. प्रेक्षकांना दीर्घेतले लोक समजा.

टप्पा ६: १८ फेब्रुवारी १९६३ चा क्रम (अभिभाषणासह)

६.१ सदस्यांची विभागणी. इथे दोन्ही सभागृहे सेंट्रल हॉलमध्ये एकत्र जमतात. लोकसभा आणि राज्यसभा यांचे प्रमाण ढोबळमानाने दोनास एक ठेवा: ४० विद्यार्थ्यांत २७ आणि १३. राज्यसभेच्या सदस्यांच्या छातीवर छोटी लाल फीत लावली की पुढे कोणी बाहेर जायचे याचा गोंधळ होत नाही. (हा केवळ रंगमंचाच्या सोयीचा तोडगा, खरी प्रथा नव्हे.)

ही अनुच्छेद १०८ खालची, विधेयकावरचा पेच सोडवणारी संयुक्त बैठक नाही. म्हणून इथे लोकसभेचे अध्यक्ष पीठासीन नसतात, मतदान होत नाही, हरकतीचा मुद्दा निघत नाही, कोणी प्रश्न विचारत नाही.

६.२ व्यासपीठ. तीन खुर्च्या. मध्ये राष्ट्रपती, त्यांच्या उजव्या हाताला राज्यसभेचे सभापती, डाव्या हाताला लोकसभेचे अध्यक्ष. पंतप्रधान व्यासपीठावर नसतात. ते खाली पहिल्या रांगेत. ही चूक फार होते, कारण कॉलेजच्या प्रत्येक समारंभात 'महत्त्वाचे पाहुणे मंचावर' अशी आपली रीत.

६.३ मिरवणूक. सदस्य पाच मिनिटे आधी जागेवर. राष्ट्रपतींचे स्वागत संसद भवनाच्या दाराशी सभापती, अध्यक्ष, पंतप्रधान आणि संसदीय कामकाज मंत्री करतात व त्यांना मिरवणुकीने आत आणतात. घोडदळ, बग्गी वगैरे दाखवायच्या भानगडीत पडू नका. मंचावर ते खेळण्यासारखे दिसते. दारापासून व्यासपीठापर्यंतची चाल मात्र खरी हवी: संथ, समान अंतर, इकडेतिकडे न पाहता. निदान सहा वेळा चालून बघा. दारातून येताना पहिल्या दोघांची पावले जुळली की मागचे आपोआप जुळतात.

६.४ राष्ट्रगीत. राष्ट्रपती व्यासपीठावर पोहोचून आपल्या जागेसमोर उभे राहिले की राष्ट्रगीत. चालता चालता नाही. ध्वनिफितीवर पूर्ण राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांचे घ्या. मध्येच आवाज कमी करणे अशोभनीय आहे. मग राष्ट्रपती बसतात, सगळे बसतात.

६.५ अभिभाषण. हे भाषण मंत्रिमंडळ तयार करते, राष्ट्रपती ते वाचतात. म्हणून मजकुरात 'माझे सरकार' हवे आणि राष्ट्रपतींची वैयक्तिक मते नकोत. डॉ. राधाकृष्णन तत्त्वज्ञ होते म्हणून त्यांच्या तोंडी उपनिषदांवरचा परिच्छेद घालण्याचा मोह टाळा. कागद हातात ठेवून वाचा. पाठ म्हणून दाखवणे इथे चूक ठरते. राष्ट्रपती ज्या भाषेत वाचतील तिच्याखेरीज दुसऱ्या भाषेतला पाठ उपराष्ट्रपती वाचतात. प्रयोगात त्याचा पहिला परिच्छेद तेवढा वाचून घ्या.

या दिवशी एक खरा, नाट्यमय प्रसंग घडला होता, आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. काही सदस्यांनी अभिभाषणात व्यत्यय आणला आणि सभात्याग केला. नंतर लोकसभेने त्यांच्या वर्तनाचा विचार करायला समिती नेमली. हा प्रसंग दाखवायचा तर मोजकाच दाखवा: दोन-तीन जण उठतात, एखाद-दुसरे वाक्य बोलतात, बाहेर पडतात. राष्ट्रपती थांबून उत्तर देत बसत नाहीत, कोणी त्यांना ओढून नेत नाही. तीस सेकंदांत सगळे आटपले पाहिजे.

६.६ निर्गमन. भाषण संपले की राष्ट्रपती उभे राहतात, पुन्हा राष्ट्रगीत, मग त्याच क्रमाने मिरवणूक बाहेर. ती दाराबाहेर जाईपर्यंत कोणीही बसायचे नाही, कुजबुज नाही.

६.७ अर्ध्या तासानंतर. दोन्ही सभागृहे आपापल्या दालनात वेगळी भरतात. मंचावर तीस सेकंदांचा अंधार पुरे: लाल फितीवाले बाहेर, दोन खुर्च्या बाजूला, मधली खुर्ची उंच आसनावर, हिरवे कापड टेबलावर. या बदलासाठी चारच जण नेमा आणि कोण काय उचलणार ते लिहून काढा. लोकसभा भरल्यावर सचिव अभिभाषणाची प्रत पटलावर ठेवतात, मग शोकप्रस्ताव आणि बाकीचे औपचारिक कामकाज. त्या दिवशी प्रश्नोत्तराचा तास नाही.

> सावध: आभारदर्शक प्रस्तावावरची चर्चा त्याच दिवशी उरकू नका. ती पुढच्या दिवसांची. वेळ असेल तर नवी तारीख जाहीर करून दाखवा: एक सदस्य प्रस्ताव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, विरोधक दुरुस्त्या सुचवतात, शेवटी पंतप्रधान उत्तर देतात. टीका सरकारवर करायची, राष्ट्रपतींवर नाही. भाषण त्यांनी वाचले असले तरी जबाबदारी मंत्रिमंडळाची.

टप्पा ७: तालमी

पहिल्या दोन तालमी भाषणांशिवाय घ्या. नुसते उठणे, बसणे, नमस्कार, कागद ठेवणे आणि बाहेर जाणे. ऐकायला कंटाळवाणे वाटेल, पण प्रयोगात गोंधळ होतो तो नेमका इथेच. तिसऱ्या तालमीपासून भाषणे. अध्यक्षांची भूमिका करणाऱ्याला इतरांपेक्षा दुप्पट तालीम लागते, कारण सगळ्या प्रयोगाची गती त्याच्या हातात असते. त्याच्यासाठी कार्यावली मोठ्या अक्षरांत, प्रत्येक बाबीसमोर त्याने म्हणायचे नेमके वाक्य आणि मिनिटे लिहून टेबलावर ठेवा.

तालमीत एकाला केवळ तारखा पकडायला बसवा. कोणाच्याही तोंडून नंतरची घटना, नंतरचे पद किंवा नंतरचे नाव आले की त्याने टाळी वाजवून थांबवायचे.

शेवटचे वाक्य आधीपासून ठरलेले हवे. पुष्कळ संघ 'अधिवेशन संपले असे मी जाहीर करतो' म्हणून पडदा टाकतात. पहिल्या दिवशी अधिवेशन संपत नाही, आणि अधिवेशनाची समाप्ती करण्याचा अधिकारही अध्यक्षांचा नाही, ती राष्ट्रपतींच्या आदेशाने होते. अध्यक्ष फक्त बैठक तहकूब करतात: 'सभागृहाची बैठक आता उद्यापर्यंत तहकूब होत आहे.' मग अध्यक्ष उठतात, सदस्य उभे राहतात, अध्यक्ष बाहेर पडल्यावर सदस्य हलतात, आणि पडदा त्यानंतर.